तांदळाच्या डब्यातलं नाव

८ नोव्हेंबर, शुक्रवार

म्हापशाच्या बाजारात काकींसाठी सुके बांगडे आणायला गेले आणि येताना ही वही घेऊन आले. वर मोराचं चित्र आहे. लपून राहणाऱ्या बाईनं वही लिहू नये, एवढी अक्कल मला आहे. पण आठ महिन्यांत माझी तीन नावं झाली. रत्नागिरीत अनिता, कोल्हापुरात वैशाली आणि आता या डिचोलीजवळच्या गावात विनिता. परवा पोस्टमननं विनिता म्हणून हाक मारली तर मीच मागे वळून पाहिलं, कोण ही विनिता म्हणून! असंच चाललं तर एक दिवस खरी मी कोण हे मलाच आठवायचं नाही. म्हणून एकदा लिहून ठेवते.

माझं नाव तारा. सासर कुडाळजवळ. नवरा निलेश, आठ टिपर-ट्रकांचा मालक. डाव्या मनगटानं अजून भरली बादली उचलवत नाही, ती त्याचीच कृपा. मी पळाल्यावर त्यानं माझा फोटो सगळ्या ड्रायव्हरांना पाठवला. खाली लिहिलं, 'हिचं डोकं ठिकाणावर नाही, हाल होतील बिचारीचे, दिसली तर कळवा.' म्हणजे मला पकडून देणारा प्रत्येक जण पुण्य केल्याच्या समाधानात घरी जाईल. मारणाऱ्यापासून पळता येतं. या चांगल्या माणसांपासून कसं पळायचं?

काकी म्हणजे पद्मावतीकाकी, वय बहात्तर, यजमान गोकुळदास भिंतीवरच्या फोटोत. मुलगा रुद्रेश पणजीला सरकारी नोकरीत, रविवारी येतो. काकींच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं म्हणून स्वयंपाकाला आणि पेपर वाचून दाखवायला बाई हवी होती. मी साताऱ्याची विधवा म्हणून लागले. दोन्ही डोळे करून झाले, तरी "म्हाका दिसना गो" चालूच आहे. माझ्या पथ्यावरच पडलं. जिला दिसत नाही ती काय ओळखणार?

वही उकड्या तांदळाच्या डब्यात, तळाशी. काकी हल्ली स्वयंपाकघरात फिरकत नाहीत. दारामागे बॅग भरलेली आहे: दोन साड्या, एक ड्रेस, आईचा फोटो. नियम एकच, दहा मिनिटांत निघता आलं पाहिजे.

१३ नोव्हेंबर, बुधवार

तुळशीचं लग्न. वृंदावनाला ऊस बांधला, आवळे-चिंचा लावल्या. भटजी गेल्यावर काकी पायरीवर बसल्या आणि तुळशीकडे पाहत म्हणाल्या, "सगळ्या बायलांचीं नांवां लग्नांत बदलतात. हिचें मात कोण बदलना."

मग त्यांच्या लग्नाची गोष्ट निघाली. ताटात तांदूळ पसरतात, नवरा अंगठीनं त्यावर बायकोचं नवं नाव लिहितो, आणि त्या दिवसापासून तीच ती. काकी तेरेखोलपलीकडच्या आरोंद्याच्या, माहेरचं नाव मालती.

"सासूमायेक पद्मावती जाय आसलें. ताणें ताटांत बरयलें आनी मालती सोंपली. भाऊ आसलो तो म्हाका माले म्हण उलो मारतालो. तोय गेलो. आतां त्या नांवान उलो मारपी कोण ना."

माले म्हणून हाक मारणारं आता कोणी उरलं नाही. मी मात्र आरोंद्यालाच अडकले. ते आमच्याच बाजूचं. ही रीत आमच्याकडेही आहे. निलेशनं मात्र माझं नाव बदललं नव्हतं. "तारा वायट नाय, ऱ्हवांदे," म्हणाला होता. मला वाटलं, केवढं हे प्रेम! बाकी सगळं बदललंन ते नंतर.

"तुजें म्हायेरचें नांव किदें गो?" काकींनी विचारलं.

"विनिताच. आमच्या साताऱ्याकडे बदलत नाहीत."

"अशें?" एवढंच म्हणाल्या आणि माझ्या हातावर चार आवळे ठेवले.

२१ नोव्हेंबर, गुरुवार

काकींनी प्लंबर बोलावून विहिरीवरून थेट मोरीपर्यंत पाइप घेतला. इतकी वर्षं नव्हता, आता कशाला? माझ्या हातून पाणी सांडतं म्हणून असणार. म्हाताऱ्या माणसांना ओली जमीन खपत नाही.

आज आमटीत केस निघाला. काकींनी दोन बोटांनी बरोब्बर उचलून बाजूला ठेवला आणि पुन्हा म्हणाल्या, "पेपर वाच मरे, म्हाका खंय दिसता." मी वाचते ते फक्त निधनाचं पान. ओळखीचं कोणी गेलं की "बरो मनीस आसलो" आणि अनोळखी गेलं की "कोणाचो तो?" अशी त्यांची टीप असते. बाकी बातम्यांत त्यांना रस नाही. पण त्या दिवशी कोणत्या पानावर कसली जाहिरात होती ते मात्र कसं कोण जाणे ठाऊक असतं.

या बाईवर माझा जीव जडायला लागला आहे. हे वाईट आहे. जीव जडला की बॅग उचलायला वेळ लागतो.

२४ नोव्हेंबर, रविवार

रुद्रेशभाऊ पोलिसांचा फॉर्म घेऊन आले. घरात बाहेरची व्यक्ती राहत असेल तर नाव, गाव, आधार कार्ड, फोटो सगळं भरून द्यायचं. मी पोळ्या लाटत होते, लाटणं तिथंच थांबलं. भाऊ भले गृहस्थ आहेत, आवाज न चढवता बोलतात. "विनिताताई, घाई ना, पण कार्ड दाखवलं तर बरं."

काकींनी हात लांब करून विचारलं, "खंय आसा तो फॉर्म? पळोवंया." आणि हातातला चहाचा कप सगळा त्याच्यावर! "दिसना रे म्हाका! किदें सांडलें?"

"आई, असूदे, पुढच्या रविवारी दुसरा आणतो."

"हाडूं नाका. भाडेकार न्ही ती. घरचें मनीस."

म्हातारपणाच्या धांदरटपणानं मी वाचले. देवाला नमस्कार केला. आंधळं दळतंय आणि माझ्यासारखीच्या पदरात पीठ पडतंय.

३ डिसेंबर, मंगळवार

आज आईचा वाढदिवस असता. काही सुचत नाही. वाढदिवसाला ती स्वतःसाठी काही करायची नाही, माझ्यासाठी खापरोळ्या करायची. पिवळ्या, जाळीदार, नारळाच्या रसात बुडवलेल्या, गुळाचा वास सगळ्या घरभर. पाच वर्षं झाली खाऊन. साताऱ्याच्या बाईनं खापरोळीचं नाव काढायचं नसतं, म्हणून फक्त इथे लिहिते.

५ डिसेंबर, गुरुवार

काय सांगू! पोदेराकडून, म्हणजे पाववाल्याकडून, उंडे पाव घेऊन आले तर काकी गॅसपाशी. पदर खोचलेला, समोर तवा, बाजूला नारळाचा रस. खापरोळ्या! "आज हात वळवळटालो," म्हणाल्या. "खा. साताऱ्याक मेळना हें."

मी चार खाल्ल्या. पाचवी खाताना डोळ्यांतून पाणी आलं. धूर गेला म्हणाले. काकी म्हणाल्या, "गॅसाचो धुंवर बरोच आसा न्ही?" आणि पाठ फिरवून उगीच भांडी वाजवत बसल्या.

हा योगायोग म्हणजे आईचाच आशीर्वाद. दुसरं काय असणार?

वहीच्या मागच्या पानावर हळदीच्या बोटाचा ठसा दिसला. स्वयंपाकघरात वही लिहिली की असं होतं. यापुढे हात धुऊन लिहीन.

१४ डिसेंबर, शनिवार

कोणीतरी माझी बॅग उघडली आहे.

मी चेन दोन दात उघडी ठेवते, ती आज पूर्ण बंद होती. आत तपासलं. काहीही गेलेलं नाही. उलट वाढलं आहे. एक लोकरीचं स्वेटर, जुनं पण धुतलेलं. मनगटाला चोळायची मलमाची बाटली. आमसुलांची पुडी.

 बॅग तपासायची आणि संशय येऊ नये म्हणून वर काहीतरी ठेवायचं, हा कुठला कावा? दुपारी खिडकीखालून जाताना काकी फोनवर बोलताना ऐकल्या: "हय, आसा हांगाच. ना, तिका सांगूंक ना. तूं बाकीचें पळय."

मी इथंच आहे, हे कोणाला सांगत होत्या? आणि मला काय सांगितलेलं नाही? आरोंद्याला कोणी नातेवाईक उरलेत का? निलेशचा माणूस? चोराच्या मनात चांदणं म्हणतात ते खरं, पण चोराला चांदण्यात पकडतातही. मी काकींना इतके दिवस भोळ्या समजत होते. मला जिनं घरचं माणूस म्हटलं तिच्यावर मी संशय घेते आहे, याची लाज वाटते. आणि संशय घेतला नाही तर मी मूर्ख.

रत्नागिरीची खोलीवालीसुद्धा मला बाळ म्हणायची. तिनंच निलेशला फोन केला होता.

२७ डिसेंबर, शुक्रवार

काकींचे डोळ्यांचे थेंब आणायला डिचोलीला गेले होते. तिठ्यावर टिपर उभा. निळा पट्टा, पुढच्या काचेवर निलेशच्या गाड्यांवर असतं तेच देवाचं नाव, सिंधुदुर्गाचा नंबर. ड्रायव्हर खाली उतरून टायर बघत होता. नारायण. आमच्याकडे सहा वर्षं होता, कितीदा माझ्या हातचं जेवला आहे. त्यानं मान वर केली. मी औषधांच्या दुकानात शिरले आणि खोकल्याची बाटली मागितली, सर्दीची मागितली, शेवटी दुकानदारच म्हणाला, "बाई, नक्की दुखतं काय?"

त्यानं पाहिलं की नाही, माहीत नाही. पण आता थांबणं नको. उद्या सकाळी पहिल्या बसनं पणजी, तिथून कारवार. चौथं नाव शैला. काकींना सांगणार नाही. सांगितलं तर पाय निघणार नाही.

मन मात्र म्हणतंय, आता किती नावं? प्रत्येक नावाबरोबर एक घर सोडायचं. पहिली दोन सोडताना काही वाटलं नव्हतं.

२८ डिसेंबर, शनिवार

गेले नाही.

सकाळी काकींसाठी पोदेराकडचे उंडे आणून ठेवले, मग बॅग उचलली तर उचलेना. उघडली तर आत आणखी दोन सोललेले नारळ, लिंबाच्या लोणच्याची बरणी आणि खोबरेल तेलाची बाटली! कारवारला पळायचं की लग्नाचं सामान घेऊन जायचं? नारळ बाहेर काढत होते तेवढ्यात पायरीवरून काकींची हाक. "मेलें गो! पाय मोडलो!"

धावले. पाय मोडला नव्हता, मुरगळला होता म्हणे. त्यांना धरून पलंगावर आणलं. तोवर बस गेली. डॉक्टर नको म्हणतात, मी चोळलं की बरं वाटतं. सकाळी उजवा पाय चोळला, दुपारी डावा पुढे केला. मी म्हटलं, "काकी, उजवा ना?" तर म्हणाल्या, "दुख्ख फिरता गो."

अशा बाईला टाकून कशी जाऊ? चार दिवस. पाय बरा झाला की निघायचं.

२ जानेवारी, गुरुवार

कुठून सुरू करू कळत नाही. पण सगळं जसंच्या तसं लिहायचं आहे.

सकाळी अकराच्या सुमारास वाटेवर टिपर थांबला. मी आत नारळ किसत होते. काचेवरचं नाव दिसलं आणि मी दाराच्या मागे, बॅगेवर बसले. काकी पुढे व्हरांड्यात. पावलं वाजली. नारायणचा आवाज मी कुठंही ओळखीन.

"काकी, जरा विचारूचा होता. एक बाई सोधतंय."

आणि काकी, माझ्या लाडक्या काकी, एका श्वासात म्हणाल्या, "तारा ना हांगा."

मी बॅगेचा पट्टा मुठीत धरला. 

"काकी," नारायण सावकाश म्हणाला, "नाव मी अजून खंय सांगितलंय?"

संपलं, असं मला वाटलं. मागच्या दारानं विहिरीकडे, तिथून बागेत, अशी वाट मनात आखली. तेवढ्यात काकी हसल्या. अगदी मोकळं.

"अरे पुता, सिंधुदुर्गाची गाडी पळयली, दिसलें म्हायेरचें कोण तरी आयलें! आरोंद्याचीं मनशां येतात तीं म्हाकाच सोदतात. तारा म्हळ्यार हांव रे. गोकुळदासान ताटांत पद्मावती बरयलें आनी तारा थंयच उरली. कोण आयलो काय हांव सांगतां, तारा ना हांगा, पद्मावती आसा. बस. सरबत घे."

नारायण बसल्याचं कळलं, कारण बाकाची फळी करकरली.  मग आवाज एकदम वेगळा आला.

"माझ्या आवशीचाय तसाच. म्हायेरची चंद्रभागा, आमच्या घरात सुलोचना. मामा येवन 'चंद्रे' म्हणान हाक मारी ना, तेवा म्हातारी पोरीसारखी धावत भायर येय. मामा गेलो, तसा ता नावय गेला."

"गेलेंच," काकी म्हणाल्या. खऱ्या आवाजात.

मग त्यानं फोनवरचा फोटो पुढे केला असणार. "ही बाई. डोक्यान बरी नाय, असा शेट सांगता."

"म्हाका दिसना रे, मोतिबिंदू. पूण सांग, शेट सांगता म्हण पिशी? तुवें पळयल्या न्ही तिका? तुका पिशी दिसली?"

"नाय," नारायण म्हणाला. मग पुन्हा, "नाय. माका कधी उपाशी धाडल्यान नाय तिना."

"मागीर?"

त्यानं सरबताचा पेला खाली ठेवला. दाराच्या फटीतून दिसलं, जाताना तो अंगणात दोरीपाशी थांबला. दोरीवर माझी हिरव्या काठाची साडी वाळत होती. कुडाळच्या घरीही ती अशीच दोरीवर असायची. त्यानं ती पाहिली. मग काठ जमिनीला लागत होता तो उचलून नीट दोरीवर टाकला आणि मागे न बघता गेला. टिपरचा आवाज पार वळणापलीकडे जाईपर्यंत मी उठले नाही.

त्याच दिवशी, दुपारी

काकी झोपल्या आहेत. म्हणजे डोळे मिटून पडल्या आहेत.

मी मूर्ख आहे. काकींचं माहेरचं नाव तारा नाही, मालती आहे. तुळशीच्या लग्नाला त्यांनीच सांगितलं, इथे लिहिलेलं आहे. तारा हे नाव या घरात मी कोणाला सांगितलं नाही. ते फक्त या वहीत आहे. आणि गाडीचा नंबर त्या व्हरांड्यातून वाचतात, ज्यांना आमटीतल्या केसाशिवाय काही दिसत नाही!

वही पहिल्यापासून वाचून काढली. बादली उचलवत नाही असं लिहिलं, पुढे पाइप आला. खापरोळी लिहिली, तिसऱ्या दिवशी तव्यावर. मनगट लिहिलं, बॅगेत मलम. पहिली बस लिहिली, पाय मुरगळला. हळदीचा ठसा माझा नव्हताच. खापरोळीची हळद होती ती. सकाळी मी पोदेराकडे जाते, तेवढ्यात या बाई रोज तांदळाच्या डब्यात हात घालून माझी वही वाचत होत्या.

आधी राग आला. खूप आला. निलेशही माझा फोन तपासायचा, मी कोणाशी बोलले, काय बोलले. त्याच्यापासून पळून मी पुन्हा अशाच घरात येऊन पडले की काय? बॅग ओढली, साड्या कोंबल्या. मग स्वेटर हाताला लागलं. निलेशनं तपासल्यावर माझी एकेक वस्तू कमी व्हायची. इथे प्रत्येक वेळी वाढली. मी ते स्वेटर तोंडाशी धरून रडले, आणि या वेळी धुराचं नाव घेतलं नाही.

काकी, तुम्ही हे उद्या वाचणारच, तर सरळ तुम्हालाच लिहिते. न विचारता वही वाचलीत, ते चुकलं. पुन्हा असं करू नका. विचारलंत तर मी वाचून दाखवेन, नाहीतरी पेपर वाचतेच. फोनवर कोणाशी बोलत होतात, तेही सांगा. आणि आज तुम्ही माझं नाव अंगावर घेतलंत. इतकी वर्षं कोणी हाक मारली नाही म्हणून तुमचं नाव तुम्ही जपून ठेवलं होतंत, तरी ते बाजूला ठेवून माझं घेतलंत. मी जन्मभर विसरणार नाही. मला चौथं नाव नको. मला पळायचं नाही. पण राहायचं असेल तर एका अटीवर, मला माझ्या नावानं हाक मारा. जमणार नसेल तर सकाळी काही बोलू नका, मी समजेन आणि पहिल्या बसनं जाईन. या वेळी पाय मुरगळून घेऊ नका.

वही डब्यात ठेवते.

३ जानेवारी, शुक्रवार

पोदेराकडे गेले, मुद्दाम जरा उशीर करून आले.  काकी व्हरांड्यात, डोळ्यांवर चष्मा लावून स्वतः पेपर वाचत होत्या. काही बोलल्या नाहीत. वर पाहिलंही नाही. पेपरचं पान मात्र उलटत नव्हत्या.

बोलायचं नाही, म्हणजे उत्तर मिळालं. मी उंडे ठेवले आणि बॅग घ्यायला आत गेले. ओट्यावर देवघरातलं पितळी ताट होतं. ताटात उकडे तांदूळ नीट पसरलेले आणि त्यावर, बोटानं नव्हे, अंगठीनं रेघा ओढून, जुन्या वळणदार अक्षरात लिहिलेलं: तारा.

त्या बोलल्या नव्हत्या, कारण त्यांना रडू आवरत नव्हतं. बाहेरून नाक ओढल्याचा आवाज आला. मग, "गो तारा! च्या निवता!"

दहा महिन्यांनी कोणी मला हाक मारली. मी मागे वळून पाहिलं नाही. मला ठाऊक होतं कोणाला हाक मारली ते.

ताटातल्या माझ्या नावाखाली जागा होती. माझ्या बोटात अंगठी नाही, ती मी कोल्हापुरात सोडली. मी बोटानंच लिहिलं, मालती. मग ताट घेऊन बाहेर गेले आणि त्यांच्या मांडीवर ठेवलं.

"मालतीकाकी," मी म्हटलं, "चष्मा लावलाच आहे तर वाचा."

काकींनी वाचलं. पुन्हा वाचलं. भाऊ गेल्यापासून कोणी घेतलं नव्हतं ते नाव. माझं मनगट, तेच डावं, दोन्ही हातांत धरून बसल्या. मग पदरानं चष्मा पुसत मला सगळं सांगून टाकलं: फोन रुद्रेशभाऊंना होता, रविवारी ते सुविधा नावाच्या वकीलबाईंना घेऊन येणार आहेत, त्या अशाच बायकांचे खटले चालवतात, आणि पोलिसांचा फॉर्मही येणार आहे. त्यावर माझं खरं नाव मी स्वतः लिहायचं. भीती वाटते का, विचारलं. हो म्हटलं. "म्हाकाय भंय दिसता," म्हणाल्या, "पूण दोगांक मेळून भिवपाक बरें."

बॅग रिकामी केली. नारळ स्वयंपाकघरात, लोणचं फळीवर, स्वेटर अंगात. मग ताटातले तांदूळ दोन्ही नावांसकट धुतले आणि पेज घातली. काकी म्हणाल्या, मीठ कमी आहे.